नवा मिक्सर बिघडला तर उत्तर कोणी द्यायचं, दुकानाने की कंपनीने?

पाचपाखाडीकर

दिवाळीच्या तोंडावर गोखले रोडजवळच्या एका जुन्या दुकानातून मिक्सर घेतला. ७५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा, किंमत चार हजारांच्या वर. पक्कं बिल आहे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे. पहिल्याच आठवड्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना जळका वास आला आणि मशीन थांबलं. तळाचं लाल बटण दाबलं की थोडा वेळ चालतं, पुन्हा बंद. भांडं अर्धंही भरलेलं नव्हतं.

दुकानात घेऊन गेले. शेठनी हातही लावला नाही. "विकल्यावर आमचा संबंध संपला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा." तिथला माणूस घरी येऊन पाहून गेला, मोटर बदलावी लागेल म्हणाला, पार्ट आला की कळवतो म्हणाला. बिलाच्या तळाशी छापलेलं आहेच: "एकदा विकलेला माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही."

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पैसे दुकानाने घेतले, वस्तू दुकानाने हातात दिली, तर पहिलं उत्तरही दुकानानेच द्यायचं. आठ महिन्यांनी बिघडला असता तर मी मुकाट्याने सर्व्हिस सेंटरची वाट धरली असती. पण नव्याचे पैसे देऊन पहिल्याच आठवड्यात खोललेलं, मोटर बदललेलं मशीन मी का घ्यावं? ऑनलाइन हाच मिक्सर थोडा स्वस्त होता. तरी दुकानातून घेतला, कारण काही झालं तर समोर माणूस असेल. तो समोरचा माणूसच हात वर करणार असेल तर जास्तीचे पैसे मी कशाचे दिले?

स्टेशनरोड_दुकानदार

ताई, माझंही घरगुती उपकरणांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. तुम्ही घेतलं ते दुकान माझं नाही, तरी बाजू मांडतो, कारण या विषयावर दुकानदाराचं कोणी ऐकून घेत नाही.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. ते वचन कंपनीचं आहे. मी मशीन उघडायचं नाही, उघडलं तर वॉरंटीच जाते. आता समजा, तुम्ही आलात आणि मी शेल्फवरचा नवा पीस काढून दिला. तुमचा वापरलेला पीस माझ्याकडे राहिला. डिस्ट्रिब्युटर तो परत घेतो, पण कधी? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने "माल मुळातच खराब होता" असं लिहून दिलं तर. ती चिठ्ठी मिळाली नाही तर तो पीस माझ्या गळ्यात. एका मिक्सरवर मला जे सुटतं त्यात भाडं, वीज, मुलाचा पगार भागवायचा असतो. एक पीस अंगावर पडला की पुढचे कितीतरी मिक्सर विकून तो भरून काढावा लागतो.

आणि प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्यासारखं नसतं. सुक्या हळकुंडांची पूड करून, न थांबता मोटर फिरवून, जाळून आणतात आणि "कालच घेतला" म्हणतात. काउंटरवर उभं राहून खरं कोण, खोटं कोण, हे मी कसं ठरवू? म्हणून आम्ही सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो. जबाबदारी झटकायला नाही, ठरवणारा तिथे बसलाय म्हणून.

घोडबंदरवासी

यासाठीच आमच्या कासारवडवलीकडे सगळे ऑनलाइन मागवतात. परत करायचं बटण दाबा, माणूस दारातून घेऊन जातो. दुकानदारांना हे कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

कलम_वाचणारी

भावना बाजूला ठेवून कायद्यात काय आहे ते सांगते, कारण दोन्हीकडून अर्धवट बोललं जातंय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याने लागू झाला आणि त्याने १९८६च्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. बिल न देणं ही त्यातली एक. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही दुसरी. मुदत बिलावर लिहिली असेल ती, लिहिली नसेल तर ३० दिवस. म्हणजे तळाला छापलेल्या त्या एका ओळीने सदोष मालाची जबाबदारी संपत नाही. रंग आवडला नाही किंवा घरी दुसरा मिक्सर निघाला म्हणून परत द्यायला गेलात, तर दुकानदार खुशाल नाही म्हणू शकतो. दोष असेल तर गोष्ट वेगळी.

"वचन कंपनीचं" हेही अपुरं आहे. या कायद्यात व्यापारी म्हणजे विकणारा, वितरण करणारा आणि बनवणारा, तिघेही. शिवाय १९३०चा माल विक्री कायदा आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारचा माल विकण्याचाच ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असलाच पाहिजे, ही अट विक्रीतच गृहीत धरलेली असते. तुमचा सौदा दुकानाशी झाला, कंपनीशी नाही. वॉरंटी कार्ड ही त्यावरची जास्तीची सोय आहे. ती दाखवून मूळ सौद्यातून सुटता येत नाही.

दुकान आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षांची आहे.

जुना_ठाणेकर

कलमं बरोबर असतील. पण चार हजारांच्या मिक्सरसाठी आयोगाच्या तारखा? कायद्यात तक्रार ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. लिहिलेलं आणि घडणारं यांत किती अंतर असतं ते तिथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

मी नौपाड्यात लहानाचा मोठा झालो. या दुकानांनी आमच्या घरी लग्नकार्याला भांडीकुंडी उधारीवर दिली आहेत. रात्री शटर अर्धं खाली आलेलं असताना फ्यूजची वायर दिली आहे. अशा माणसाला नोटीस पाठवायची, गूगलवर एक तारा द्यायचा, ही कोणती रीत? शेठशी पुन्हा जाऊन शांतपणे बोला. दुपारी जा, गर्दी नसताना. चार गिऱ्हाइकांसमोर कोणताही दुकानदार माघार घेत नाही.

पाचपाखाडीकर

काका, मी आवाज चढवला नव्हता, आणि दुपारीच गेले होते. उधारी देणाऱ्या दुकानांबद्दल मलाही आदर आहे. पण तो आदर दोन्हीकडून हवा. जुनं गिऱ्हाईक म्हणून मी गप्प बसायचं आणि जुनं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी एक फोनही करायचा नाही, हे मला पटत नाही. खोटं रेटिंग मी देणार नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहिणं म्हणजे बदनामी नव्हे.

वर्तकनगर_रिपेअरिंग

मिक्सर दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे. लाल बटण म्हणजे ओव्हरलोड स्विच. लोड वाढून मोटर जास्त करंट ओढायला लागली की तो सुटतो. तो सुटला म्हणजे मोटर खराब, असं नसतं. भांडं गच्च भरलं, पाणी कमी पडलं, पात्याचं बुश जाम झालं, तरी सुटतो. पण अर्ध्याहून कमी भांड्यात, ओल्या खोबऱ्यावर, जळका वास येऊन पुन्हा पुन्हा सुटत असेल तर वाइंडिंगमध्ये किंवा बेअरिंगमध्ये काहीतरी आहे. भांडं काढून रिकामा फिरवून बघा. तरी वास आला तर दोष भांड्यात नाही, मशीनमध्ये आहे.

एक काम आजच करा. सर्व्हिसवाल्याकडून जॉबशीट मागून घ्या, आणि त्यावर काय दोष सापडला ते त्याच्याच हाताने लिहून घ्या. तोंडी "मोटर बदलावी लागेल" याला किंमत नाही. आणि हा वाद मिटेपर्यंत मशीन कोणालाही खोलू देऊ नका, मलाही नाही. एकदा स्क्रू फिरला की दोन्हीकडचे लोक म्हणणार, बाहेर उघडलाय.

कोपरीचा_वकील

कलम_वाचणारी यांच्याशी मी बहुतांश सहमत आहे, पण त्यांनी एक गोष्ट सोडली. दोष सिद्ध झाला म्हणजे नवी वस्तू मिळेलच असं नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका गाडीच्या प्रकरणात म्हटलं की सदोष भाग बदलून देता येत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. त्या निकालात वॉरंटीच्या अटींनाही महत्त्व दिलं गेलं. कंपनीचा वकील हाच निकाल पुढे करील. मिक्सरमधला मुख्य भाग मोटरच, ती आम्ही फुकट बदलून देतोय, मग तक्रार कशाची? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर हवं.

शिवाय दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि तिची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. म्हणून मी अशिलांना सांगतो, हक्क आहे हे खरं, पण दुरुस्ती नाकारून बसणं नेहमी शहाणपणाचं नसतं.

कलम_वाचणारी

तो निकाल मला माहीत आहे. गाडी आणि मिक्सर यांत फरक करायला जागा आहे. कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. पहिल्याच आठवड्यात मुख्य भागच निकामी होणं, आणि दुकानाने बघायलाही नकार देणं, या दोन गोष्टी एकत्र मांडल्या तर बदलून मागणं अवास्तव नाही. पण तुमचा मुद्दा एका बाबतीत मान्य. दुरुस्तीला "नको" म्हणू नये. "बदलून द्या ही माझी मागणी आहे, ती नाकारत असाल तर कारण लेखी द्या" असं म्हणावं.

कळवा_लोकल

सगळे कंपनीच्या मालाबद्दल बोलताहेत. आमच्याकडे स्टेशनबाहेर निम्मा माल असा की कंपनीचा पत्ताच नाही. माझ्या मावशीने कुकर घेतला, झाकण पहिल्या दिवसापासून बसत नव्हतं. सर्व्हिस सेंटर कुठे शोधणार? खोक्यावर नुसतं नाव. दुकानदार तरी तेच म्हणाला, "कंपनीला विचारा." घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यावर तो नव्हताच! अशा वेळी दुकानदार सोडून जबाबदार दुसरा कोण असणार? मावशी नेमकं हेच बोलली, तेव्हा शेठने गुपचूप पैसे काढून दिले. मार्क खरा आहे की नुसता छापलाय, हे बीआयएस केअर ॲपवर परवाना क्रमांक टाकून पाहता येतं. घेतानाच बघा.

स्टेशनरोड_दुकानदार

कळव्याच्या उदाहरणात मी त्या दुकानदाराची बाजू घेणार नाही. मार्क सक्तीचा असताना बिनमार्कचा कुकर विकला तर त्याचं ओझं त्यानेच उचलावं.

मिक्सरबद्दलही थोडं मागे येतो. "आमचा संबंध संपला" हे वाक्य चुकीचंच. मी असतो तर पीस काउंटरवर लावून बघितला असता आणि कंपनीच्या सेल्समनला फोन केला असता. तो दर आठवड्याला ऑर्डर घ्यायला येतो, आणि सर्व्हिस सेंटरवर त्याचा शब्द चालतो. गिऱ्हाईक एकटं फोन करतं तेव्हा फक्त तक्रार क्रमांक मिळतो, दुकानातून फोन गेला की चिठ्ठी लवकर निघते. हे काम दुकानाचं आहे, मान्य. पण चिठ्ठी यायच्या आधी पीस बदलून द्या, हे मला मान्य नाही. कायद्याने ३० दिवस दिलेत ना? मग तेवढा वेळ आम्हालाही हवा.

पाचपाखाडीकर

हे त्या शेठनी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं. वेळ द्यायला माझी हरकत नाही. मोघम थांबायला आहे.

आता असं करतेय. जॉबशीट मागितली आहे. दुकानाला साध्या मराठीत पत्र लिहिलंय: बिल क्रमांक, घेतल्याची तारीख, काय झालं, सर्व्हिसवाला काय म्हणाला, आणि माझी मागणी, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, १५ दिवसांत. एक प्रत हातोहात देऊन दुसरीवर पोच घेणार, पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवणार. तेच पत्र कंपनीला ईमेलने. त्याबरोबर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार.

कलम_वाचणारी

१९१५वर तक्रार कंपनीच्या नावाने नोंदवा, दुकानाच्या नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. गल्लीतलं दुकान तसं जोडलेलं नसतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण नोंद राहते आणि पुढे कामाला येते. आयोगात जायची वेळ आलीच तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. एकट्याने जमणार नाही असं वाटलं तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या लोकांशी बोला, १९७५ पासून ते ग्राहकांचं काम करताहेत.

जुना_ठाणेकर

पत्र देताना सोबत कोणीतरी मोठं माणूस न्या. मी येतो हवं तर. त्या शेठचे वडील माझ्या ओळखीचे होते.

पाचपाखाडीकर

याल तर बरं होईल काका. फक्त पत्र मी देणार आणि पोच घेतल्याशिवाय आपण निघणार नाही, एवढं आधीच ठरवून जाऊ.

स्टेशनरोड_दुकानदार

पत्रात १५ दिवसांऐवजी ३० लिहा, ताई. सेल्समन, सर्व्हिस सेंटर, डिस्ट्रिब्युटर, तिघांच्या सह्या १५ दिवसांत होत नाहीत.

पाचपाखाडीकर

१५च राहतील. ते ३० दिवस ग्राहकाला लटकवून ठेवायला दिलेले नाहीत, ती शेवटची हद्द आहे. १५व्या दिवशी शेठनी फोन करून "चिठ्ठी निघाली आहे, डिस्ट्रिब्युटरकडून पीस यायचाय" एवढं सांगितलं, तर मी आणखी थांबेन.