विजय मल्ल्या: झगमगाट ही हौस होती की भांडवल?

सांजवारा (प्रश्न)

जून २०२५ मध्ये विजय मल्ल्या यांची पॉडकास्टर राज शामानी यांनी घेतलेली चार तासांची मुलाखत प्रसिद्ध झाली, तेव्हापासून आमच्या घरात या विषयावर दोन तट पडले आहेत. मुलाचे म्हणणे असे की, मल्ल्या यांच्या बुडालेल्या किंगफिशर एअरलाइन्सच्या बँक कर्जापोटी कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी रुपयांची रक्कम ठरवली होती आणि अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत १४,१३१ कोटी रुपयांची मालमत्ता बँकांना परत मिळाल्याचे सांगितले, तर या माणसाला अजूनही फरारी का म्हणायचे? माझ्या यजमानांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे २०१२ मधले पगार थकलेले कर्मचारीच येतात.

दोघेही वाद मात्र सुरू करतात तो त्यांच्या राहणीपासून. वडील विठ्ठल मल्ल्या प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती बिअर आणि मद्याच्या धंद्यातला यूबी समूह आला आणि पुढे त्या समूहाचा चेहरा म्हणजे मल्ल्या यांचाच चेहरा झाला. हा सारा झगमगाट केवळ हौस होती, की तो धंद्याचाच भाग होता? आणि धंद्याचा भाग असेल, तर विमान कंपनी बुडण्यात त्याचा वाटा किती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रंगरेषा

मी जाहिरात क्षेत्रात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. हौस होतीच, पण त्या हौसेला धंद्याचे भक्कम कारण होते. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मद्याच्या जाहिराती दूरचित्रवाणीवरून बंद झाल्या. ज्याला आपल्या मालाचे नावच पडद्यावर घेता येत नाही, तो तेच नाव सोड्यावर आणि पिण्याच्या पाण्यावर छापतो. आमच्याकडे याला सरोगेट जाहिरात म्हणतात. मल्ल्या यांनी एक पाऊल पुढे टाकून ते नाव स्वतःच्याच अंगावर चढवले. जाहिरातीला बंदी होती, बातमीला नव्हती. छायाचित्रकार अतुल कसबेकरांनी टिपलेली, त्यांच्या किंगफिशर बिअरच्या नावाची दिनदर्शिका २००३ पासून निघू लागली, टिपू सुलतानची तलवार लंडनच्या लिलावातून मिळवल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले, २००९ मध्ये गांधीजींचा चष्मा, घड्याळ आणि चपला न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरला घेतल्या गेल्या, आणि दर वेळी वृत्तपत्रांनी ते नाव फुकट छापले. आयपीएलमधला बंगळूरचा संघ त्यांनी २००८ मध्ये ११ कोटी १६ लाख डॉलरला घेतला. त्या संघाचे नाव जिच्यावरून पडले, ती रॉयल चॅलेंज व्हिस्की शॉ वॉलेस कंपनी २००५ मध्ये ताब्यात आल्यावर त्यांच्याकडे आली होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

बिअरच्या धंद्यात हे गणित चोख बसते, कारण गिऱ्हाईक पैसे मोजते ते बऱ्याच अंशी नावासाठी. विमानाच्या धंद्यात हे गणित बसत नाही. मी किंगफिशरच्या विमानाने दोन-तीनदा प्रवास केला आहे. समोरच्या आसनाच्या पाठीला छोटा पडदा होता आणि विमान जागचे हलण्यापूर्वी त्यावर स्वतः मल्ल्या येऊन सांगत, की इथला प्रत्येक कर्मचारी मी स्वतः निवडला आहे आणि माझ्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे तुमचे आदरातिथ्य करण्यास मी त्यांना सांगितले आहे. तिथे ‘प्रवासी’ हा शब्दच नव्हता, सारे ‘गेस्ट’. शेजारचे वयस्कर गृहस्थ हेडफोन कानाला लावून, हात जोडून त्या पडद्याला प्रतिनमस्कार करतात की काय, असे मला वाटले होते, इतके ते भारावले होते. सेवा खरोखरच उत्तम होती, यात शंका नाही. पण त्या आदरातिथ्याने इंधनाचे बिल एका रुपयानेही कमी होत नव्हते आणि तिकिटाचा दर मात्र स्पर्धेत इतरांच्या जवळपासच ठेवावा लागत होता.

ताळेबंद

माझी ३४ वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेली. मल्ल्या यांच्या कर्जखात्याशी माझा कधीही संबंध आला नाही, पण या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तारणाची आहे.

एखादा शेतकरी विहिरीसाठी कर्ज मागायला आला, तर आम्ही सातबारा पाहायचो, फेरफार पाहायचो, वकिलाचा सर्च रिपोर्ट घ्यायचो, जमीन प्रत्यक्ष पाहून यायचो आणि मूल्यांकनाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम मंजूर करायचो. किंगफिशर एअरलाइन्सच्या बाबतीत बँकांनी तारण म्हणून घेतलेल्या गोष्टींत तिची व्यापारचिन्हे होती आणि त्यांचे मूल्य एका नामांकित सल्लागार संस्थेने चार हजार कोटींच्या घरात ठरवले होते. अशा मूल्यांकनात पाया असतो तो पुढच्या काळातल्या अंदाजित उत्पन्नाचा. विमाने उडत राहतील, प्रवासी वाढत राहतील, म्हणून नावाला एवढी किंमत येईल, असे ते गृहीतक. म्हणजे कर्ज बुडाले तर वसुलीसाठी जे हाताशी राहायला हवे, त्याचे मूल्य कर्ज बुडणार नाही याच समजुतीवर उभे होते. शिवाय ही चिन्हे विमान कंपनीची होती, ‘फ्लाय द गुड टाइम्स’सारखी, बिअरच्या व्यवसायाचा हक्क त्यासोबत येत नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये त्यांचा लिलाव ३६६ कोटी ७० लाखांच्या राखीव किमतीला पुकारला गेला, तेव्हा एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याचे किंगफिशर हाऊस तरी विटामातीचे होते. १५० कोटींपासून उतरत उतरत ते अखेर २०२१ मध्ये ५२ कोटींना गेले.

त्याहून मोठी चूक मला कर्जाच्या पुनर्रचनेत दिसते. डिसेंबर २०१० च्या करारात मल्ल्या यांची वैयक्तिक हमी आणि समूहाच्या धारक (होल्डिंग) कंपनीची हमी घेतली गेली, आणि पुढे कर्जाचा काही भाग समभागांत बदलताना बँकांनी एका समभागाला ६४ रुपये ४८ पैसे हा दर मान्य केला, जो तेव्हाच्या बाजारभावापेक्षा सुमारे साठ टक्के चढा होता. बाजारात चाळिसाला मिळणारी वस्तू चौसष्टला का घेतली, याचे उत्तर मला आजवर कुठेही समाधानकारक मिळालेले नाही. समोर बसलेल्या माणसाच्या वलयाने शाखेतल्या कारकुनापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचीच कलम उचलणारी बोटे सैल होतात, हे मी लहान प्रमाणावर अनेकदा पाहिले आहे.

उत्तरवात

ताळेबंद यांचा मुद्दा मान्य करूनही, सगळे खापर प्रतिमेवर फोडणे मला योग्य वाटत नाही. जेट एअरवेजचे नरेश गोयल यांनी दिनदर्शिका काढली नव्हती, तरी ती कंपनी एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. या व्यवसायात नफा मुळातच तुटपुंजा आहे आणि विमानाच्या इंधनावर राज्यांचे कर आहेत.

माझ्या मते निर्णायक घाव एअर डेक्कन ही दुसरी विमान कंपनी विकत घेण्याचा होता. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमाने, अशी अट होती. किंगफिशरचे पहिले उड्डाण मे २००५ मधले, म्हणजे २०१० पर्यंत थांबणे आले. कॅप्टन गोपीनाथ यांची डेक्कन २००३ पासून उडत होती, म्हणून २००७ मध्ये तिचा हिस्सा घेऊन मग विलीनीकरण झाले आणि सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर-लंडन सेवा सुरूही झाली. मात्र त्याच जुलैत कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले होते आणि सप्टेंबरातच जागतिक मंदीचा तडाखा बसला. दोन वर्षे वाचवण्यासाठी घेतलेली स्वस्त दराची, तोट्यातली कंपनी गळ्यातले लोढणे झाली.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. डेक्कनचा आणि समभागांच्या दराचा मुद्दा आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हता. आता फक्त मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे: वसुली झाली, तर मग बाकी काय राहिले?

नोंदवही

मी सनदी लेखापाल आहे. ६,२०३ कोटी ही शेवटची रक्कम नव्हती, तीवर साडेअकरा टक्के दराने व्याज होते. तरीही हिशेबावर आक्षेप घेण्याचा मल्ल्या यांना पूर्ण हक्क आहे आणि त्यांनी त्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्जही केला आहे. पण वसुली आणि गुन्हा यांची खाती वेगळी आहेत. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना ‘फरारी आर्थिक गुन्हेगार’ घोषित केले ते २०१८ च्या कायद्याखाली. त्या घोषणेचा आधार थकीत रक्कम किती उरली हा नसून आरोपी खटल्याला सामोरा न जाता देशाबाहेर आहे हा असतो. त्यांच्यावरचे आरोप, विशेषतः आयडीबीआय बँकेच्या ९०० कोटींच्या कर्जाबाबतचे, भारतात अजून सिद्ध झालेले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे मुलाला सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलेली चार महिन्यांची शिक्षा अवमानाची आहे. न्यायालयाचा आदेश डावलून चार कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवल्याबद्दलची.

तुमच्या मूळ प्रश्नाचा धागाही न्यायालयातच सापडतो. १० डिसेंबर २०१८ रोजी लंडनच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी प्रत्यार्पणाच्या, म्हणजे मल्ल्या यांना भारताच्या ताब्यात देण्याच्या, बाजूने निकाल दिला, तेव्हा या झगमगत्या, दागिन्यांनी मढलेल्या, अंगरक्षकांच्या गराड्यातल्या श्रीमंताच्या मोहिनीने बँकर्सचे तारतम्य सुटले असावे, अशी शक्यता त्यांनी निकालपत्रातच नोंदवली.

यजमानांचे म्हणणेही वाऱ्यावर सोडू नका. ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकले होते आणि त्याच महिन्यात एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने दिल्लीत आपले जीवन संपवले. न्यायालयात अडकलेल्या पैशांतून पगार देऊ द्यावेत अशी विनंती आपण केली होती, असे मल्ल्या सांगतात, आणि त्या मुलाखतीत त्यांनी कर्मचाऱ्यांची माफीही मागितली. मला लेखापाल म्हणून त्यातली एक बाब सर्वांत जास्त सलते. पगारातून कापलेला आयकर कंपनीने सरकारजमा केला नाही, असा आयकर खात्याचा आरोप होता. नोकरदाराच्या पगारपत्रकावर कपात स्पष्ट छापलेली असते आणि विवरणपत्र भरायला बसल्यावर खात्याच्या नोंदीत त्या रकमेपुढे काहीच दिसत नाही. बँकांच्या वसुलीचा आकडा १४,१३१ कोटी असो वा आणखी काही, तो त्या रकान्यात येत नाही.