तळाला शिक्का नसलेली जर्मन फेअरिंग: कारखाना कसा ओळखायचा?

प्रश्न: माझ्याकडे एक फेअरिंग (जत्रेत विकली किंवा बक्षीस दिली जाणारी छोटी मूर्ती) आहे: पलंगावर बसलेलं जोडपं, पोर्सिलेन, उंची 9 सेंमी. तळाला फक्त पुसट चार अंकी आकडा. कुणाचं काम असेल?

उत्तर १: शाईचा नव्हे, दाबलेला शिक्का शोधा. अंधारात टॉर्च तळाला आडवा धरा, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. ढालीत खंजीर धरलेला हात उमटला तर कारखाना जर्मनीतल्या प्योसनेक गावचा, कोंटा अँड ब्योमे. जुन्या नगांवर मात्र तोही नसतो.

उत्तर २: आकडा साच्याचा असतो, नुसत्या त्यावरून नाव ठरवू नका. मुकुटाखाली तारा आणि त्यात 'आर' दिसला, तर रुडोलश्टाटचे शेफर अँड फाटर.

उत्तर ३: 'जर्मनी' लिहिलेलं नसेल तर नग 1891 पूर्वीचा असू शकतो, त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. खात्री मात्र धरू नका, कागदी लेबल गळून पडतं. तळाचं भोक दोष नव्हे, भाजताना आतली हवा तिथून निघते.