मुलाचा आजार सरकारी नोंदीत नावानिशी का जावा?

चर्चाप्रस्ताव: एक आई, सक्करदरा

माझी मुलगी आठवीत आहे आणि तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणजे तिचा अहवाल एसएस आहे. धाकटा मुलगा पाचवीत आहे. तो एएस, म्हणजे केवळ वाहक आहे आणि त्याला काहीही त्रास नाही. यंदा शाळेने यूडायस प्लस या केंद्र शासनाच्या शाळांविषयीच्या ऑनलाइन माहिती प्रणालीसाठी माहिती मागवली, तेव्हा दिव्यांगत्वाच्या रकान्यात दोघांचीही नावे गेली. वर्गशिक्षिकेने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पडताळणीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, त्यात माझ्या मुलीच्या नावापुढे निळ्या शाईने 'सिकलसेल' लिहून खाली रेघ ओढलेली होती. दहा मिनिटांत फोटो काढला गेला, पण त्याच संध्याकाळी एका पालकांनी फोन करून विचारले की, तिच्या लग्नाच्या वेळी तुम्ही हे आधी सांगणार का. मुलगी तेरा वर्षांची आहे.

मोजणीला माझा विरोध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत हिमोफिलिया व थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलही आला, याचे मोल विदर्भातल्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. माझी हरकत नाव, आधार आणि आजार या तिन्ही गोष्टी एकाच नोंदीत बांधण्याला आहे. पूर्वी यूडायसमध्ये शाळानिहाय आकडे जात असत, २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद जाते. एवढा मोठा बदल होताना ज्यांच्या मुलांची ही माहिती आहे, त्या आम्हा पालकांना कोणी काही विचारले नाही. महापालिकेची प्रभागरचना एका गल्लीने सरकली तरी प्रारूप प्रसिद्ध होते आणि आपण हरकती व सूचना घेऊन जातो. मुलांच्या आजाराचा रकाना मात्र थेट शाळेच्या लॉगिनवर उघडतो.

माझे म्हणणे असे की नावे शाळेत राहावीत आणि वर फक्त संख्या जावी. नमुन्यात काही वाढवायचे असेल, तर आधी त्याचे प्रारूप लोकांपुढे ठेवावे.

प्रतिसाद: विशेष शिक्षक, समावेशित शिक्षण, नागपूर जिल्हा

ताई, तो फोटो गटावर टाकणे सर्वथा चूक होते आणि त्याचे समर्थन कोणीही करू नये. तुम्ही सुचवलेला उपाय मात्र मला मान्य नाही.

केवळ संख्या वर जात असे, तो काळ मी पाहिला आहे. कागदावर एका शाळेत सहा मुले असत, प्रत्यक्ष गेल्यावर दोन सापडत आणि उरलेली चार कोणती हे सांगणारे कोणी नसे. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलींना महिन्याला २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता मिळतो आणि तो थेट खात्यात जमा होतो. तो जमा करायला मुलीचे नाव आणि तिचे खाते लागणारच.

एक मुलगा उमरेडकडच्या वीटभट्टीवरून हिंगण्याच्या शाळेत आला. त्याला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हते. जुन्या शाळेत नोंद झालेली नव्हती, म्हणून चार महिने तो उजव्या ओळीत भिंतीपाशी शेवटच्या बाकावर बसला, वर्ग त्याच्या न ऐकणाऱ्या कानाच्या बाजूला, आणि बाई त्याला 'लक्ष नसलेला' म्हणत राहिल्या. मी गेलो त्या दिवशी आम्ही फक्त त्याची जागा बदलली. पेन, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम ओळख क्रमांकाबरोबर ती नोंद त्याच्या आधी पोहोचली असती, तर ते चार महिने वाचले असते.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, नोंदल्या गेल्या. त्या वेळच्या आठ वर्गांत सिकलसेलचे नावही नव्हते. आपली मुले पहिल्यांदाच कुठेतरी दिसू लागली असताना ती पुन्हा झाकायची का?

प्रतिसाद: एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका

ही माहिती भरतो कोण, याकडेही लक्ष द्यावे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. ऑनलाइन माहितीचे काम मात्र अशैक्षणिक मानलेच जात नाही. शिवाय संचमान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी, आधार पडताळणी झालेल्या विद्यार्थिसंख्येवर होत असल्याने, एखाद्या मुलाचे आधार जुळले नाही तर शिक्षकाचे पद जाण्याची धास्ती असते. अशा घाईत वैद्यकीय रकाना आम्ही भरतो. सूचीत 'सिकलसेल आजार' असते, रुग्ण आणि वाहक यांतला फरक शिक्षकाला कोणी समजावलेला नसतो. ताईंचा मुलगा त्या रकान्यात गेला, तो असाच गेला असणार.

अमेरिकेत १९९५ पासून असा कायदा आहे की संघीय खात्याला लोकांकडून नवी माहिती गोळा करायची असेल, तर आधी ६० दिवस आणि मग ३० दिवस जनतेची मते मागवावी लागतात, आणि तो नमुना भरायला किती वेळ लागेल याचा अंदाजही जाहीर करावा लागतो. आमच्या तासांचा असा हिशेब कोणी एकदा तरी मांडावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

प्रतिसाद: विधी शाखेचा दृष्टिहीन विद्यार्थी, धरमपेठ

मला दोन्ही बाजूंत एक उणीव दिसते. नोंद नावाने असावी की नसावी, यावर सगळे बोलत आहेत, पण ती फुटली तर कायदा काय देतो, याकडे कोणी वळलेले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आरोग्याच्या माहितीसाठी 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग नाही, जो आधीच्या काही मसुद्यांत होता. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासन काही अटींवर संमतीशिवायही माहिती वापरू शकते. आणि पालकांच्या संमतीविषयीच्या कलम ९ मध्ये बालके आणि कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्ती एकाच ओळीत बसवल्या आहेत, जणू अठरा वर्षांनंतरही आम्ही लहानच राहतो.

हरकती व सूचनांवरही माझा पूर्ण भरवसा नाही. याच अधिनियमाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला, आधी १८ फेब्रुवारीपर्यंत आणि मग ५ मार्चपर्यंत मते मागवली गेली, पण आलेली मते उघड केली जाणार नाहीत, असे सुरुवातीलाच सांगितले होते. दुसऱ्या पालकाने काय लिहिले आणि शासनाने ते का नाकारले, हे कळणारच नसेल, तर हरकत घेणारा प्रत्येक जण एकटाच राहतो. आणखी एक गोष्ट अशी की कितीतरी परिपत्रके स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात येतात, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. ज्यांच्याविषयी विचारणा आहे, त्यांनाच ती वाचता येत नाही.

उपप्रतिसाद: एक आई, सक्करदरा

सर, वीटभट्टीवरच्या मुलाचे वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या मागणीतला एक भाग मी मागे घेते. ज्याला भत्ता, लेखनिक किंवा दिव्यांग प्रमाणपत्राचा लाभ हवा आहे, त्याची नोंद नावाने जावी. पण माझ्या मुलीला सध्या शाळेकडून एवढेच हवे आहे की सांधे दुखू लागले तर तिला घरी पाठवावे, पाणी प्यायला अडवू नये आणि थंडीत सकाळच्या कवायतीला उभे करू नये. यासाठी वर्गशिक्षिकेला माहीत असणे पुरेसे आहे, दिल्लीला माहीत असण्याची गरज नाही.

उपप्रतिसाद: विशेष शिक्षक, समावेशित शिक्षण, नागपूर जिल्हा

ताई, तुम्हाला एसएस आणि एएस माहीत आहे, भत्ता माहीत आहे, नको म्हणण्याचा हक्कही माहीत आहे. ज्या आईला यातले काहीच माहीत नाही, तिने लाभ मागितला नाही म्हणून तिचे मूल नोंदीतून गळेल. तुमच्या मांडणीत तिची जागा मला अजून सापडत नाही.

उपप्रतिसाद: एक आई, सक्करदरा

तिला आधी सांगा, मग विचारा आणि मग लिहा, असे मी म्हणेन. सांगायला वेळ लागेल हे मला कबूल आहे आणि तो वेळ शिक्षकांना मिळायला हवा, हे मॅडमचे म्हणणेही पटते. माझा मुलगा केवळ वाहक आहे हे दाखवणारा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा अहवाल शाळेत देऊन तीन आठवडे झाले. काल मी चौकशी केली, तेव्हा दुरुस्ती अजून झालेली नव्हती.