दावा जिंकूनही खर्च पदरचाच का?

बार्देसकार: काल इथे एकाने लिहिलं, "दावा फेटाळला हेच पुष्कळ, खर्च नाही मिळाला म्हणून प्रतिवादीने रडू नये." माझ्या बाबांवर शेजाऱ्याने आमच्या जमिनीतून जायच्या वाटेचा दावा लावला होता. अकरा वर्षं म्हापशाला तारखा. पहाटेची बस, मांडीवर एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यांची प्लास्टिकची पिशवी, आणि दुपारी "पुढची तारीख" ऐकून परत. दावा फेटाळला. शेवटची ओळ: "खर्च ज्याचा त्याने सोसावा." का, ते लिहिलंच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 म्हणतं, हरणाऱ्यावर खर्च घालायचा नसेल तर न्यायालयाने कारण लेखी द्यावं. 2005 च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की ज्याचा त्याने सोसावा म्हटलं की खोट्या दाव्यांना बळ मिळतं.

मडगावची वकील: त्याच कलमात खर्च न्यायालयाच्या विवेकावर ठेवलाय, तेही वाचा. माझ्या एका प्रकरणात प्रतिवादीने स्वतःच्या बापाची सही नाकारली. हस्ताक्षरतज्ज्ञ आणावा लागला, सही खरी निघाली. मग त्याने मुदतीचा मुद्दा काढला, म्हणजे दावा कायद्याच्या मुदतीनंतर लावला असा, आणि त्यावर जिंकला. पहिल्या कैफियतीतच, म्हणजे लेखी उत्तरातच, तो घेतला असता तर चार वर्षं वाचली असती. अशा माणसाला खर्च का द्यावा?

फोंडेकार: खर्च मागायला पावती लागते. वकील पावती देतात का? आम्ही दर तारखेला रोख दिले. निकालानंतर फीचा दाखला मागितला तर म्हणे, "एवढा आकडा मी लिहून देणार नाही."

मडगावची वकील: मी देते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

फोंडेकार: तुम्ही देत असाल. माझ्या बायकोच्या बांगड्या गहाण होत्या, त्याचा कागद कुठल्या खर्चाच्या तक्त्यात बसतो ते सांगा.

मडगावची वकील: बांगड्यांचं दुःख कळतं. पण रोखीत पैसे देताना तुम्हीही कागद मागितला नाहीत.

फोंडेकार: मागितला असता तर पुढच्या तारखेला ते उभे राहिले असते का? केस हातात असताना अशिलाने वकिलाशी भांडायचं? तुम्हाला आमच्या बाकावर बसून बघायला हवं.

बार्देसकार: पावतीवरून तुमचं जुंपलं, माझा प्रश्न राहिला. आणि खोट्या दाव्याची भरपाई? कलम 35अ मध्ये कमाल 3,000 रुपये, 1976 च्या दुरुस्तीपासून तेवढीच. बाबांचा बसचा खर्चही त्यात निघत नाही.

सत्तरीकार: माझं मत वेगळं. खर्चाचा धाक बसला तर गरीब मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) भाटकाराविरुद्ध, म्हणजे जमीनमालकाविरुद्ध, कोर्टाची पायरी चढेल का? दावा प्रामाणिक असेल, पुरावा कमी पडला असेल. हरला म्हणून भाटकाराच्या मोठ्या वकिलाची फी त्याने भरायची?

बार्देसकार: आमचा शेजारी गरीब नव्हता.

सत्तरीकार: तुमचा नव्हता. माझ्या काकांचा दावा बघितला असता तर असं बोलला नसता.

मडगावची वकील: म्हणूनच तर विवेक ठेवलाय. 2015 पासून व्यापारी दाव्यांत कलम 35 बदललं: पक्षकार कसा वागला, वाजवी तडजोड नाकारली का, हे बघायचं. साध्या दिवाणी दाव्यालाही ते लावा, माझी हरकत नाही.

बार्देसकार: मग निदान कारण लिहा. खर्च नाकारला तरी चालेल, पण बाबांचं काय चुकलं ते दोन ओळींत सांगा.

मडगावची वकील: कारण लिहायलाच हवं होतं. एवढं मान्य करते, पुढे नाही.

फोंडेकार: आणि पावतीचं?