वर्ध्याहून पुसदला घोड्याचं रेत: थंड करून आणावं की गोठवून?

पुसदची_घोडी
घोडा वर्ध्याकडे, घोडी पुसदजवळ. रस्ता साडेतीन-चार तासांचा, अन् हंगाम नेमका एप्रिल-मेचा. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ टाकून रेत आणलं तर टिकेल का? गावात गाईंच्या कांड्यांचं (गोठवलेल्या रेताच्या बारीक नळ्यांचं) नायट्रोजनचं भांडं आहे, त्याचा उपयोग होईल का?

रेतन_अकोला
भाऊ, चार तासांसाठी गोठवायच्या फंदात पडू नका. थंड रेत नीट बनवलं तर २४ तास चांगलं राहते, काही घोड्यांचं ४८ तासही. पण बर्फाला बाटली टेकली तर ते रस्त्यातच गेलं. ३७ वरून २० अंशांपर्यंत भरभर उतरलं तरी चालते. १९ ते ८ हा टप्पा नाजूक. तिथे तासाला ३ ते ६ अंशांपेक्षा वेगानं उतरलं की शुक्राणूचं आवरण दुखावते, अन् सूक्ष्मदर्शकाखाली ते जागच्या जागी गोल फिरताना दिसतात.

दुसरा घात वीर्यद्रवाचा, म्हणजे शुक्राणू ज्यात पोहतात त्या पाण्याचा. मिश्रणात तो २० टक्क्यांच्या वर नको. दूधपावडर-ग्लुकोजचं प्रतिजैविक घातलेलं डायल्यूटर (रेत पातळ करायचं द्रावण) आधीच ३७ अंशांवर ठेवा, रेतातला चिकट भाग (जेल) गाळून काढा अन् लगेच मिसळा. समजा दाटपणा मिलिलिटरला २० कोटी शुक्राणू अन् गती ७० टक्के आहे, म्हणजे शंभरातले ७० चालते. एका भागाला चार भाग डायल्यूटर घातलं की मिलिलिटरला ४ कोटी उरतात, त्यात चालते २ कोटी ८० लाख. थंड रेताच्या डोसला १०० कोटी चालते शुक्राणू लागतात, म्हणजे साधारण ३६ मिली. मूळ दाटपणा १० कोटीच असेल तर हे जमत नाही, फार पातळ होते. आधी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) द्रव कमी करावा लागतो.

सिरिंज काळ्या रबराच्या दट्ट्याची घेऊ नका, ते रबर शुक्राणूंना मारक आहे. भरताना हवा पूर्ण काढा.

थंडपेटी
डब्याची परीक्षा आधी पाण्यावर घ्या. डोसाएवढंच कोमट पाणी त्याच पिशवीत भरा, थर्मामीटरची तार आत सोडा, डबा आहे तसा बंद करा अन् दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. १९ नंतर फार भरभर उतरत असेल तर बर्फाची पिशवी अन् डोस यांच्यामध्ये कापडाची घडी वाढवा. शेवटी ५ अंशांवर थांबलं पाहिजे. ही परीक्षा सावलीत नाही, भर दुपारी गाडीतच करा. मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला डबा वेगळाच वागतो.

रेतन_अकोला
नायट्रोजनच्या भांड्याचं सांगतो. गाईला एक कांडी पुरते, घोडीला नाही. अर्ध्या मिलीच्या कांडीत १० कोटी शुक्राणू धरले तर ८ कांड्यांत ८० कोटी. वितळल्यावर गती ३५ टक्के राहिली तर चालते २८ कोटी. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, तळहातावर किंवा खिशात नाही. शिवाय बीज सुटण्याच्या १२ तास आधीपासून सुटल्यावर ६ तासांतच भरावं लागते, म्हणजे सोनोग्राफी पुन्हा पुन्हा. थंड रेताला बीज सुटण्याआधीचे २४ तास मिळतात.

पुसदची_घोडी
भरण्याआधी थंड डोस गरम करायचा का?

रेतन_अकोला
नाही, थंडच सोडा. घोडीच्या अंगाची ऊब पुरते. तपासायला मात्र एक थेंब बाजूला काढून ५ ते १० मिनिटं ३७ अंशांवर ठेवा, काचपट्टीही कोमट घ्या. नाहीतर चांगलं रेतही मेल्यासारखं दिसते अन् माणूस फेकून देते.