मदत हवी आहे: वस्तीच्या पुढच्या वीस वर्षांचे सिनॅरिओ काढले, पण त्यातून निर्णय निघत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीची पुढच्या वीस वर्षांतली वाढ कशी व्हावी यावर नागरिकांचा एक गट काम करतो आहे. त्यातलं सिनॅरिओ प्लॅनिंगचं काम, म्हणजे एकच भविष्य न धरता वेगवेगळी शक्य भविष्यं मांडून त्यांवरून नियोजन करण्याचं काम, माझ्याकडे आलं. नगररचना हा माझा विषय नाही. महिनाभर मिळेल ते वाचलं, दोन बैठका घेतल्या आणि आता अडले आहे. तिसरी बैठक तीन आठवड्यांवर आली आहे. हे काम ज्यांनी कुठेही केलं असेल त्यांनी कृपया मार्ग दाखवा. पोस्ट लांबली आहे, पण काय काय केलं ते नीट सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली हे तुम्हाला कळणार नाही.

गटाचा पहिला विचार साधा होता. गेल्या दहा वर्षांत लोकसंख्या ज्या वेगाने वाढली तोच वेग पुढे धरायचा आणि त्यावरून घरं, पाणी, शाळा, रस्ते यांचा हिशेब मांडायचा. मी विरोध केला. एकच आकडा धरला की सगळा आराखडा त्या एका खुंटीवर टांगला जातो. वाढ जास्त झाली तर पाणी पुरत नाही. कमी झाली तर मोठ्या जलवाहिन्या आणि सांडपाण्याचा प्रकल्प अर्धे रिकामे चालवावे लागतात, आणि देखभालीचा तेवढाच खर्च थोड्या लोकांच्या डोक्यावर पडतो.

गटाला पटावं म्हणून शेल या तेल कंपनीची गोष्ट सांगितली. 1970 च्या सुमारास पिएर वाक आणि त्यांचे सहकारी तिथे एक गृहीतक तपासत होते: तेल असंच स्वस्त आणि मुबलक मिळत राहील. त्यांनी वेगवेगळी भविष्यं मांडली. त्यातल्या एकात तेल उत्पादक देश पुरवठा आवळतात आणि भाव भडकतात. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी खरोखरच तेलबंदी केली, तेव्हा शेलच्या वरिष्ठांनी त्या परिस्थितीचा विचार आधी करून ठेवलेला होता. ही गोष्ट सगळ्यांना भावली आणि सिनॅरिओ करायचं ठरलं.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला चिठ्ठ्या दिल्या: वस्तीच्या वाढीवर परिणाम करणारं जे जे सुचेल ते लिहा. भिंत चिठ्ठ्यांनी भरून गेली. मग सारख्या वाटणाऱ्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवल्या. त्यात दोन चिठ्ठ्या अशा होत्या: "मोठा उद्योग इथे येईल का?" आणि "मोठ्या उद्योगाला इथे जागा द्यायची का?" विषय एकच म्हणून मी त्या एकत्र लावल्या. चिकटवताना काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तेव्हा सांगता आलं नाही.

दुसऱ्या बैठकीत दोन अक्ष घेतले. उभा अक्ष: अर्थव्यवस्था जोरात की मंद. आडवा अक्ष: वस्ती दाट आणि आटोपशीर की पसरत जाणारी. चार चौकटी झाल्या, चार गटांनी चार चित्रं रंगवली. आणि मग सगळे जाऊन एकाच चित्रापाशी उभे राहिले, "जोरात आणि आटोपशीर". हात वर करून मतं घेतली तर जवळजवळ सगळी तिथेच. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मत देऊन हे मिळणार असेल, तर बाकीची तीन काढली कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

माझ्या शंका अशा: अक्ष चुकले का, आणि चुकले असतील तर बरोबर कसे निवडायचे? लोकांना मत द्यायला लावणंच चूक होतं का? पण मग सगळ्यांचा सहभाग म्हणजे काय? आणि सगळ्यात मोठी शंका, चार चित्रांवरून "अमुक रस्ता आत्ता बांधा, तमुक नंतर" इथपर्यंत यायचं कसं? भिंतीवर चार सुंदर चित्रं लावून आम्हाला घरी जायचं नाहीये.

प्रतिसाद १

तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. त्या दोन चिठ्ठ्या आधी सोडवा. "उद्योग येईल का" हे तुमच्या हातात नाही. "जागा द्यायची का" हे आहे. हीच सरमिसळ तुमच्या अक्षांत उतरली. अर्थव्यवस्था कशी राहील हे बाहेरून येणार, वस्ती दाट ठेवायची की पसरू द्यायची हे बऱ्याच अंशी तुमचे नियम ठरवणार. एका अक्षावर हवामान आणि दुसऱ्यावर आपली छत्री, असं झालं. मग लोक चांगलं हवामान आणि चांगली छत्री निवडणारच. आजींचा प्रश्न रास्त आहे.

सिनॅरिओचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत, फक्त एकाच कागदावर नकोत. शेलवाला प्रकार म्हणजे बाहेरचं जग कसकसं वळू शकतं ते पाहणं. त्यावर मत घ्यायचं नसतं, कारण ते तुमची परवानगी घेऊन येत नाही. दुसरा प्रकार अमेरिकेतल्या युटा राज्यात झाला. 1997 मध्ये तिथे एन्व्हिजन युटा नावाचा उपक्रम सुरू झाला. लोकांना नकाशे आणि सोंगट्या दिल्या, प्रत्येक सोंगटी म्हणजे येणारी अमुक इतकी वस्ती. आता ती नकाशावर मांडा. सोंगट्या पसरत गेल्या की शेतं आणि मोकळ्या जागा किती झाकल्या जातात ते लोकांना स्वतःच्या हाताखाली दिसलं. पुढे अ, ब, क, ड असे चार पर्याय लोकांपुढे ठेवले, विरळ पसरणाऱ्या वाढीपासून सगळ्यात दाट वाढीपर्यंत. प्रत्येकात जमीन किती जाते, पाणी किती लागतं, प्रवास किती वाढतो, खर्च किती होतो, हे शेजारी शेजारी मांडलं. तिथे मत घेणं योग्य होतं, कारण तो निवडीचा प्रश्न होता. सर्वाधिक कल "क" कडे गेला: चालत जाता येईल अशा वस्त्या आणि जोडीला सार्वजनिक वाहतूक.

तेव्हा तुमच्या बैठकीत चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग जवळपास ठरलेल्या गोष्टींचा. वाक याला गंगेचा दाखला देत: वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की आधी ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला पाणी चढणार, हे भाकीत नव्हे, झालेल्या पावसाचा हिशेब आहे. तुमच्याकडेही असं पाणी वरून निघालेलं असतं. आज पंचेचाळीस वर्षांचे असलेले लोक वीस वर्षांनी पासष्टचे होणार, तेव्हा ज्येष्ठांच्या सोयी चारही चित्रांत लागतील. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. दुसरा ढीग परिणाम मोठा पण दिशा अनिश्चित अशांचा: बाहेरून किती लोक येतील, पाण्याचा स्रोत किती भरवशाचा राहील. अक्ष फक्त याच ढिगातून घ्या. तिसरा ढीग तुमच्या निर्णयांचा, तो बाजूला ठेवा, त्याचं काम नंतर आहे.

अक्ष निवडताना एक चाचणी घ्या. चारही चौकटींची गोष्ट खरी वाटेल अशी सांगता येते का? "रोजगार" आणि "अर्थव्यवस्था" असे अक्ष घेतलेत तर दोन्ही एकत्रच वरखाली होतात आणि दोन चौकटी ओढूनताणून भराव्या लागतात. आणि तीनच चित्रं करायचा मोह टाळा. चांगलं, मधलं, वाईट असं झालं की सगळे मधलं धरतात, आणि तुम्ही पुन्हा एकाच आकड्यावर येता.

आता तुमची मोठी शंका. तिसरा ढीग उचला आणि एकेक निर्णय चारही चित्रांतून चालवून बघा. जो चारही ठिकाणी तग धरतो तो आत्ता करा. उदाहरणार्थ, भावी रस्त्यासाठी किंवा बससाठी लागणारी पट्टी आज राखून ठेवणं. मोकळी जमीन राखणं सोपं, तिच्यावर घरं झाली की ती मोकळी करणं कुणालाच नको असतं. बांधकाम मात्र नंतर. जो निर्णय एकाच चित्रात शोभतो, समजा पूर्ण क्षमतेचा सांडपाणी प्रकल्प, तो टप्प्याटप्प्याने करता येतो का बघा. आणि काही गोष्टी अट घालून ठेवा: अमुक खूण दिसली की पुढचा टप्पा. खुणा रोजच्या नोंदीतल्या घ्या, म्हणजे बांधकाम परवान्यांची संख्या, पहिलीतले प्रवेश, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, बसचे प्रवासी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भर एकच, नावांकडे लक्ष द्या. "सिनॅरिओ दोन" कुणाच्या लक्षात राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1991-92 मध्ये माँ फ्लर इथे वेगवेगळ्या राजकीय बाजूंचे 22 लोक एकत्र बसले होते आणि त्यांनी देशाच्या पुढच्या दहा वर्षांची चार चित्रं काढली: शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि फ्लेमिंगोंचं उड्डाण. शहामृग म्हणजे वाळूत डोकं खुपसून बसलेलं सरकार. इकारस (ग्रीक पुराणकथेत सूर्याच्या फार जवळ उडून कोसळलेला तरुण) म्हणजे लोकांना खूश करायला झेपत नसलेला खर्च करून उंच उडणारं आणि कोसळणारं सरकार. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं त्यांनाही ही नावं वापरून बोलता आलं. तुमच्या गटातही नावं लोकांनाच ठेवू द्या, आणि कुठलंही नाव "उत्तम" किंवा "वाईट" अर्थाचं नको. चारही चित्रांत कुणाचं तरी भलं होतं आणि कुणाचं तरी नुकसान. ते कुणाचं, हे स्पष्ट लिहा. भाड्याने राहणाऱ्यांना बैठकीला बोलावलं आहे ना? जमीनमालकच बसले असतील तर चित्रं एकाच खिडकीतून दिसतील.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हवामान आणि छत्री हे वाचल्यावर फोटो काढून पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या. निम्म्याहून जास्त आमच्याच निर्णयांच्या निघाल्या. भाड्याने राहणारं एकही कुटुंब आमच्या बैठकीत नव्हतं, हे मान्य करते, आणि या वेळी स्वतः दारोदार जाऊन बोलावणार आहे. बाहेरचे अक्ष म्हणून स्थलांतर आणि पाणी घेऊन पाहते आहे. कागदावर तरी चारही चौकटी जिवंत वाटताहेत. वस्ती दाट ठेवायची की पसरू द्यायची या आमच्या हातातल्या पर्यायांसाठी सोंगट्या वेगळ्या दिवशी ठेवते.

एक शंका उरलीच. खुणा ठरवल्या तरी त्यांच्याकडे दरवर्षी बघणार कोण? आमचा गट हौशी आहे, दोन-तीन वर्षांत माणसं बदलतील, आणि "अमुक झालं की टप्पा दोन" ही अट फाइलमध्ये पडून राहील. वार्षिक अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती आपोआप पुढे यावी अशी काही सोय कुणी करून घेतली आहे का? ठरावात नेमके काय शब्द घातले होते?