जुन्या पेठांतून चालताना: तुमचे हेरिटेज वॉकचे अनुभव सांगा

वाड्यातली मनू:
काल दगडूशेठपाशी हार घ्यायला थांबले आणि समोर पाहिलं तर भिडेवाडा नाही. तो २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचंय, हे सगळं माहीत होतं. तरी डोळे सवयीने तो मोडकळीला आलेला मजला शोधत राहिले. मग कॉलेजात असताना केलेला हेरिटेज वॉक आठवला. ताईंनी आम्हाला पलीकडच्या फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाल्या, "दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा." १८४८ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. लहानपणापासून त्या पाट्यांखालून गेलेय, पण मान वर करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच सकाळी सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती पाहिला. शिखर नाही, काळ्या दगडाचं देऊळ, दर्शनी भिंत नक्षीने गच्च भरलेली. त्यात एका ठिकाणी गोरे शिपाई साखळदंडांनी गेंड्याला जखडताहेत. पुण्यात गेंडा! १७५७ च्या प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याचं ते चित्र असावं असा अर्थ लावतात. आत गाभाऱ्यापाशी संस्कृत आणि फारसी शिलालेख. गट पुढे निघून गेला तरी मी गेंड्यासमोरच उभी.

तुम्हीही लिहा. पुणंच हवं असं नाही.

घाईतली आई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लेकाला कात्रजच्या नळाच्या वॉकला नेलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, तेही जमिनीखालच्या बांधीव बोगद्यातून. वाटेत हौद. काळा हौद, सदाशिव हौद, नाना हौद, फडके हौद. लेक विचारतो, "पंप कुठे होता?" वॉक घेणाऱ्या काकांनी पाण्याची बाटली आडवी धरून थोडीशी कलती केली. बस्स, एवढंच. नुसत्या उतारावर पाणी चालत आलं! घरी आल्यावर त्याने अंगणात पाइप टाकून दिवसभर चिखल केला, पण मी एका शब्दाने बोलले नाही. शिट्टी झाली, जाते.

भटक्या सोम्या:
विश्रामबागवाडा!! सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, वर केळफुलं. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला, आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. एवढी सुंदर माडी, आणि राहायला मिळालं किती थोडं. मला फार वाईट वाटतं त्याचं. सुताराचं नाव कुणाला ठाऊक नाही याचं त्याहून जास्त.

शनिवारकर आजोबा:
नातीने ओढून नेलं. एका भिंतीशी थांबून वॉक घेणारा मुलगा सांगत होता की १९६१ च्या पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, बाळा, मी होतो. १२ जुलै. सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला. आईने देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले आणि आम्हा भावंडांना घेऊन पर्वतीकडे निघाली. वडील मागे राहिले, कागदपत्रं माळ्यावर टाकून मग आले. परतलो तेव्हा मातीची भिंत बसलेली, ओसरीत गुडघाभर चिखल, आणि ज्वारी फुगून कणगी फुटलेली. त्या आंबूस वासाने पुढे कितीतरी दिवस जेवण गेलं नाही. वॉकमधली सगळी पोरं माझ्याभोवती गोळा झाली. सांगणारा मुलगा वही काढून लिहून घेऊ लागला. मला फार बरं वाटलं.

वाड्यातली मनू:
आजोबा, वाचताना अंगावर काटा आला. अजून लिहा ना.

भटक्या सोम्या:
पुढच्या वॉकला गाइड आजोबाच! 😄

अमदावादी मराठी:
आमच्याकडे अहमदाबादला महापालिकेचाच वॉक आहे, १९९७ पासून. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं ते जामा मशिदीपर्यंत. पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांतून जाताना नाक्यानाक्यावर पक्ष्यांसाठी चबुतरे, कोरीव खांबावर छोटं घरच जणू. कवी दलपतरामांच्या घराच्या जागी त्यांचा पुतळा बसलेला आहे, लोक शेजारी बसून फोटो काढतात. मला आवडली ती चौकाखालची टाकी, छपरावरचं पावसाचं पाणी थेट आत उतरवायचे. २०१७ मध्ये जुन्या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. लग्न होऊन आले तेव्हा या शहरात मन रमत नव्हतं. त्या सकाळनंतर गल्ल्या ओळखीच्या वाटू लागल्या.

कसब्याची सून:
थोडं वेगळं बोलते, राग नको. आम्ही जुन्या वाड्यात राहतो. रविवारी सकाळी दिंडी दरवाजातून एकदम वीस माणसं आत. मी आंघोळ करून ओल्या केसांनी तुळशीला पाणी घालतेय आणि समोर मोबाइल. एकीने विचारलं, "इथे अजून कुणी राहतं?" अहो, राहतंच ना! म्हणून तर वाडा उभा आहे. तुळईला वाळवी लागली, कौलं सरकली की खिसा आमचा जातो. बघायला या, आनंदच आहे. कडी वाजवा, एवढंच मागणं.

घाईतली आई:
शंभर टक्के खरं ताई. आमच्या काकांनी आदल्या दिवशीच घरोघरी विचारून ठेवलं होतं, आणि एका घराने नाही म्हटलं तर तो चौक सरळ गाळला. असंच हवं.

तुळशीबागप्रेमी:
आमच्या गटातल्या अर्ध्याजणी तुळशीबागेत शिरताच गायब, कानातल्यांच्या मागे 😂 राहिलेल्या आम्ही रामाच्या देवळात. नारो अप्पाजींनी १७६१ मध्ये काम सुरू केलं. बाहेर इतका गलका आणि आत सभामंडपात पंख्याची घरघर ऐकू येते. पार्किंग कुठे करता सगळे?

भटक्या सोम्या:
गाडी आणूच नका. मेट्रोने मंडईला उतरा, म्हणजे ती अष्टकोनी मंडईही बघून होते. १८८६ ची आहे. भाजी पण घ्या.

निनावी:
आमचा वाडा गेल्या वर्षी बिल्डरला दिला. भावाभावांत वाटे झाले, डागडुजी झेपेना. पाडायच्या आधी एका वॉकवाल्या दादांना बोलावलं, त्यांनी दोन विद्यार्थ्यांना घेऊन सगळं मोजून काढलं. जोत्याची उंची, देवळ्या, धान्याचं बळद, जिन्याच्या पायऱ्या. नकाशा करून दिला, पैसे घेतले नाहीत. आजी रोज पणती ठेवायची ती देवळीसुद्धा त्यात आहे, काजळीसकट टिपून ठेवलीय.

कसब्याची सून:
😔 आमच्याकडेही तेच बोलणं चाललंय. त्या दादांचा नंबर खाजगीत द्याल का? निदान मोजून तरी घेऊ.

निनावी:
पाठवला. पावसाआधी बोलवा, ओल्या भिंतींवर टेप नीट लागत नाही.

तुळशीबागप्रेमी:
त्रिशुंडचं तळघर बघायला मिळतं का कधी?

वाड्यातली मनू:
गुरुपौर्णिमेला उघडतात. आजोबा, तुम्ही याल का आमच्याबरोबर?

शनिवारकर आजोबा:
गुडघे साथ देतील तिथवर येतो. नातीला विचारून सांगतो, गाडी तिची आहे.